वाचकांचे प्रश्न : जुन्या सॉकेटवर नवी गाडी

विजेवर चालणाऱ्या गाड्या घरोघरी येऊ लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखच बदलला आहे. पूर्वी गिझर, इन्व्हर्टर आणि वाढीव बिले यांविषयी विचारणा होत असे. आता बहुतेक पत्रांत एकच शंका असते, की घरात किंवा पार्किंगमध्ये जो सॉकेट आधीपासून आहे त्यावरच गाडी लावली तर चालेल का. त्यांतील सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत, कारण त्यांत वर्णन केलेल्या चुका कामाच्या निमित्ताने मला वारंवार पाहाव्या लागतात.

प्रश्न : आमची सोसायटी १९९६ सालची आहे. गाडीसोबत मिळालेला १५ ॲम्पियरचा चार्जर मी पार्किंगमधल्या जुन्या पॉवर पॉइंटवर लावत होतो. पंधरा दिवसांत प्लग हाताला चटका बसेल इतका तापू लागला आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग पडला. वायरमनने नवा सॉकेट बसवला, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच झाले. या सगळ्या काळात एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की वीज तोडणारा स्विच) एकदाही पडली नाही. मग दोष नेमका कशात आहे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सर्वप्रथम, हे उत्तर वाचल्यानंतर त्या सॉकेटवर गाडी लावू नका. दुरुस्ती होईपर्यंत जवळच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर जावे लागले तरी तो त्रास सोसावा.

आता कारण पाहू. ज्याला आपण १५ ॲम्पियरचा पॉइंट म्हणतो, त्याची मानकातली क्षमता १६ ॲम्पियर आहे, आणि आपला चार्जर १४-१५ ॲम्पियर घेतो. कागदावर हे हिशेबात बसते. परंतु आजवर त्या सॉकेटवर काय चालले असेल, ते आठवा. २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ ॲम्पियर घेतो, आणि तोही पंधरा-वीस मिनिटे. पाणी तापले की बंद होतो. गाडीचे तसे नाही. ३० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायची असेल, तर हा चार्जर आठ-नऊ तास एकसारखा पूर्ण प्रवाह ओढत राहतो. घरातले दुसरे कोणतेही उपकरण सॉकेटची अशी परीक्षा घेत नाही.

या परीक्षेत सॉकेट नापास होतो तो जोडाच्या जागी. पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी यांची पकड सैल झाली, किंवा तारेवरचा स्क्रू नीट आवळलेला नसला, की त्या ठिकाणी थोडासा रोध निर्माण होतो. तो केवळ ०.१ ओहम आहे असे धरू. १५ ॲम्पियर प्रवाहाला तेथे २२.५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरची २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री जवळजवळ पूर्ण जोमाने सॉकेटच्या पोटात रात्रभर ठेवल्यासारखे आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच त्याच सैल सॉकेटवर ३ ॲम्पियर घेणारी स्कूटर वर्षभर निर्धोक चार्ज होते आणि मोटार मात्र पंधरा दिवसांत तो जाळते. तापलेल्या पितळेची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

एमसीबी का पडली नाही, हा आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एमसीबीला फक्त प्रवाह किती आहे हे कळते. तो प्रवाह वाटेत कोठे काय जाळतो आहे, हे तिला कळत नाही. आपला चार्जर १५ ॲम्पियर घेत होता, एमसीबी १६ किंवा २० ॲम्पियरची असणार, म्हणजे तिच्या दृष्टीने सारे व्यवस्थित होते. एवढेच नव्हे, तर मानकाप्रमाणे १६ ॲम्पियरच्या एमसीबीने १८ ॲम्पियरला तासभर पडायचेच नसते, आणि २३ ॲम्पियरला पडण्यासाठीही तिला एक तासापर्यंत मुभा असते. सैल जोडापासून ती आपले रक्षण करील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

नवा सॉकेट पुन्हा का जळला? गेल्या पावसाळ्यात असाच एक दुसऱ्यांदा जळलेला सॉकेट मी उघडला होता. पुढची प्लेट कोरी करकरीत होती. मागे मात्र फेजच्या टर्मिनलमध्ये दोन तारा एकत्र पिळून कोंबलेल्या होत्या, कारण तेथूनच पुढे पंपाच्या खोलीतला दिवा जोडलेला होता. तारेचे टोक काळे पडले होते, बोटभर लांबीपर्यंत इन्सुलेशन कडक होऊन नखाने टवके उडत होते, आणि पेटीतून जळक्या बॅकेलाइटचा तो ओळखीचा, घशाला खवखव आणणारा वास येत होता. वायरमनने जुने जळके टोक न छाटता तेच नव्या सॉकेटमध्ये आवळले होते. काळवंडलेल्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी स्वच्छ धातूला स्वच्छ धातू टेकत नाही. आपल्याकडेही हेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय त्या काळच्या इमारतींत तार ॲल्युमिनियमची असू शकते; ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर चढतो आणि स्क्रूखाली ते हळूहळू दबत जाते, त्यामुळे आज घट्ट असलेला जोड वर्षभराने सैल निघतो.

दुसरा भाग तारेच्या जाडीचा. आपल्या मीटर रूमपासून गाडीची जागा ४० मीटरवर आहे असे समजू. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १५ ॲम्पियर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे १४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि भिंतीतल्या त्या तारेत २०० वॅटहून अधिक उष्णता मुरते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट साडेपाच व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून जुन्या पॉइंटची डागडुजी न करता मीटरपासून गाडीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरचे स्वतंत्र सर्किट टाकून घ्यावे. मध्ये कोठेही जोड नको, दिवा नको, पंप नको. शेवटी घरगुती प्लेटऐवजी निळा, गोल पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट किंवा चार्जरच्या कंपनीने सांगितलेलाच सॉकेट बसवावा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी ज्या तरतुदी आल्या, त्यांत स्वतंत्र सर्किट, ३० मिलिॲम्पियरचे आणि किमान ‘टाइप ए’ दर्जाचे गळतीरक्षक उपकरण, जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट आणि एक्स्टेन्शनला मनाई, या गोष्टी स्पष्ट आहेत. घरच्या पार्किंगमध्येही याच मापाने काम करून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच गाडी घ्यावी.

प्रश्न : आमचा वाडा जुना आहे. नव्या गाडीचा चार्जर लावला की ‘अर्थिंग नाही’ असा लाल दिवा लागत असे आणि चार्जिंग सुरूच होत नसे. गावातल्या वायरमनने सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये तारेचा एक तुकडा जोडला. त्यानंतर हिरवा दिवा लागतो आणि गाडी छान चार्ज होते. एका नातेवाइकाने हे धोक्याचे असल्याचे सांगितले. खरे काय?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या नातेवाइकाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मेन स्विच बंद करून तो तुकडा आजच काढून टाका. तो लाल दिवा आपल्याला वाचवत होता.

गाडीचा पत्रा अर्थच्या तारेला जोडलेला असतो. आतल्या इन्सुलेशनमध्ये बिघाड होऊन फेज पत्र्याला लागली, तर तो प्रवाह अर्थमार्गे जमिनीत जावा आणि पुरवठा तुटावा, ही त्यामागची योजना आहे. न्यूट्रलला अर्थ जोडल्यावर गाडीचा पत्रा प्रत्यक्षात न्यूट्रलला जोडला गेला. आता अशी कल्पना करा, की वाऱ्यापावसात खांबावर किंवा मीटरच्या कट-आउटमध्ये न्यूट्रल सुटला. घरातले दिवे बंद पडतील, आपण वीज गेली असे समजाल. पण सुरू असलेल्या उपकरणांतून फेज उलट दिशेने न्यूट्रलच्या तारेवर आणि तेथून थेट गाडीच्या पत्र्यावर येईल. आणखी वाईट प्रसंग म्हणजे खांबावरच्या दुरुस्तीनंतर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होणे. ते झाले, तर कोणताही बिघाड नसताना गाडीचा दरवाजा २३० व्होल्टवर उभा राहतो. टायर रबराचे असल्यामुळे गाडीला काहीच होत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून जो दरवाजाला हात लावील, त्याच्या शरीरातून मार्ग पूर्ण होतो.

चार्जरला फसवणारी ही गाठ मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती मारणारे बहुतेक जण वाईट हेतूने ती मारत नाहीत. मालकाला गाडी सुरू झालेली हवी असते, दिवा हिरवा झाला की काम झाले असे सर्वांना वाटते. परंतु या एका बाबतीत मी कोणाचीही गय करू शकत नाही. जो वायरमन अशी गाठ मारून देतो, त्याच्याकडून घरातले दुसरे कोणतेही काम करून घेऊ नये.

योग्य उपाय असा. वाड्याच्या आवारात ओलसर राहणारी जागा पाहून, न्हाणीघराच्या किंवा विहिरीच्या बाजूला मिळाली तर उत्तम, अर्थिंगचा स्वतंत्र इलेक्ट्रोड, म्हणजे धातूचा दांडा, गाडावा आणि तेथून सॉकेटपर्यंत हिरव्या रंगाची अखंड तांब्याची तार आणावी. मात्र चांगले अर्थिंग केले म्हणजे संपले, असेही नाही. हिशेब करून पाहा : इलेक्ट्रोडचा रोध १० ओहम आला, तर पत्र्याला फेज लागल्यावर २३ ॲम्पियर प्रवाह वाहील. घरगुती कामात सर्रास वापरली जाणारी ‘सी’ प्रकारची १६ ॲम्पियरची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० ॲम्पियर लागतात. म्हणजे २३ ॲम्पियरला ती तासभरही टिकून राहू शकते, आणि तेवढा वेळ पत्र्यावर जीवघेणे व्होल्टेज असते. येथे उपयोगी पडते ती आरसीसीबी, म्हणजे मागच्या उत्तरातले गळतीरक्षक उपकरण, जिला अजूनही अनेक जण ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला, की ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडते. अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन्ही गोष्टी हव्यात. एक असली म्हणजे दुसरी नको, असे होत नाही.

आरसीसीबी विकत घेताना ‘टाइप ए’ मागून घ्यावी. दुकानात सहसा ‘टाइप एसी’ पुढे केली जाते. गाडीच्या चार्जरमधल्या इलेक्ट्रॉनिक भागामुळे गळतीचा प्रवाह नेहमीच सरळ प्रत्यावर्ती (एसी) स्वरूपाचा नसतो, आणि तशी गळती ‘टाइप एसी’ला नीट ओळखता येत नाही.

अर्थिंग टेस्टरने तपासता येत नाही, हेही येथे सांगतो. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात २३० आले म्हणूनही समाधान मानू नये, कारण मीटर इतका अल्प प्रवाह घेतो की गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या अर्थवरही तो पूर्ण आकडा दाखवतो. जुने जाणते वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात क्षणभर १०० वॅटचा दिवा लावून पाहत. तो मिणमिणला तर अर्थ कच्चा. आज त्यासाठी लूप इम्पिडन्स, म्हणजे अर्थच्या पूर्ण मार्गाचा रोध, मोजणारे उपकरण मिळते आणि परवानाधारक कंत्राटदाराकडे ते असते. दिव्याचा प्रयोग घरच्या माणसाने करू नये.

प्रश्न : माझ्या मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तो बॅटरी काढून वर आणतो आणि रात्री दाराजवळच्या सॉकेटवर लावून झोपतो. कधी कंटाळा आला तर खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतो. यात काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, स्कूटरचा चार्जर साधारण ३ ते ४ ॲम्पियर घेतो, त्यामुळे सॉकेट सुस्थितीत असेल तर त्याची चिंता कमी आहे. येथे काळजी करायची ती बॅटरीची आणि तिच्या जागेची. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाचा जीव गेला. त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्र सरकारने ‘एआयएस १५६’ हे बॅटरीचे मानक कडक केले आणि त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत झाली. आपल्या मुलाची गाडी त्याआधीची असेल किंवा बॅटरी बाहेरून बदलून घेतलेली असेल, तर अधिक सावध राहायला हवे.

दाराजवळची जागा तेवढी आधी बदला. लिथियमची बॅटरी पेटली तर ज्वाला आणि विषारी धूर काही सेकंदांत खोली भरतात, आणि आपल्या घराला बाहेर पडण्याचा मार्ग तोच एक आहे. जिन्यातही ठेवू नये. तो तर सगळ्या इमारतीचा मार्ग. गादी, सोफा, पडदा यांपासून दूर, मोकळ्या फरशीवर, ऊन न लागणाऱ्या बाल्कनीत ठेवणे त्यातल्या त्यात बरे. गाडी चालवून आल्याबरोबर न लावता बॅटरी निवेपर्यंत तासभर थांबावे, कंपनीचाच चार्जर वापरावा आणि घरचे जागे असतानाच चार्जिंग उरकावे. बॅटरी फुगली, तिचा वास येऊ लागला किंवा ती पडून आपटली, तर ती घरात आणूच नये. आग लागलीच तर विझवायच्या नादाला न लागता सर्वांनी बाहेर पडून दार ओढून घ्यावे आणि १०१ वर कळवावे.

खिडकीतून सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र पूर्ण बंद करा. त्याची तार बारीक असते, खिडकीच्या कडेवर घासून इन्सुलेशन जाते, आणि खाली लोंबणारा बोर्ड पावसात कोणाच्याही हाती लागू शकतो.

प्रश्न : घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर व्यावसायिक दर लागतो का? मंजूर भार वाढवावा लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या घरच्या जोडणीवर स्वतःचीच गाडी चार्ज केली, तर घरगुती दरच लागतो. भाराविषयी मात्र बिलावरचा आकडा पाहा. तेथे ३ किलोवॅट लिहिलेले असेल आणि त्यावर ३.३ किलोवॅटचा चार्जर, गिझर आणि एसी एकदम चालणार असतील, तर भार वाढवून घ्यायलाच हवा. ही निव्वळ कागदाची बाब नाही. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस केबलही त्याच जुन्या भारासाठी टाकलेली असते आणि ती तापलेली घरात कोणाला कळत नाही. तोपर्यंत गाडीच्या पडद्यावर किंवा चार्जरवर प्रवाह ८ किंवा १० ॲम्पियर ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. १५ ऐवजी १० ॲम्पियर केले, की जोडांतली उष्णता निम्म्याहून कमी होते.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस आणि खारा वारा दोन्ही भरपूर. गाडी पडवीत उभी असते. चार्जरचा डबा सॉकेटलाच लोंबकळत ठेवतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : डबा लोंबकळत ठेवू नये. त्या डब्याचे वजन रात्रभर पिनांना खाली ओढत राहते, पट्ट्यांची वरची बाजू उघडते आणि पिन एका कडेवरच टेकते. सैल जोडाची सुरुवात बहुधा अशीच होते. सॉकेटशेजारी भिंतीत एक मजबूत आकडा ठोकून डबा त्यावर टांगावा. खाली फरशीवरही नको, कारण पागोळ्यांचे पाणी उडते. किनाऱ्यावर पितळेला हिरवा थर चढतो, म्हणून झाकणाचा, धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत जाऊ न देणारा ‘आयपी ५४’ दर्जाचा सॉकेट बसवावा, तारेचे तोंड खालच्या बाजूने आत घ्यावे आणि दर पावसाळ्याआधी सॉकेट उघडून पाहावा. मुंग्यांची वारुळे आणि पालीची अंडी आतमध्ये मी स्वतः पाहिली आहेत. विजांची चिन्हे दिसू लागली, तर त्या चमकू लागण्याआधीच प्लग काढून ठेवावा. ऐन गडगडाटात मात्र त्याला हात लावू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. गॅरेजमध्ये कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचा सॉकेट आहे. त्यावर गाडी लावावी का? आणि पुण्यात आईबाबांसाठी असेच काम करून घेतले, तर ते नीट झाले हे दूर राहून कसे ओळखावे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तेथील विद्युत संहितेत तीन तास किंवा अधिक काळ चालणाऱ्या भारासाठी ब्रेकरच्या (तेथील एमसीबीच्या) क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच प्रवाह घ्यायचा, असा दंडक आहे. ड्रायरच्या सर्किटला सहसा ३० ॲम्पियरचा ब्रेकर असतो, म्हणजे गाडीसाठी २४ ॲम्पियरच धरायचे. ५० ॲम्पियरच्या सर्किटवर ४० धरायचे. ड्रायर आणि गाडी आलटून-पालटून लावण्यासाठी प्लग रोज काढ-घाल करू नये. घरगुती दर्जाचे सॉकेट त्यासाठी बनवलेले नसतात आणि ते वितळल्याची उदाहरणे तेथे आहेत. हा ८० टक्क्यांचा दंडक पुण्यातल्या कामालाही लावावा, असे मी सुचवीन : १५ ॲम्पियरच्या चार्जरला २० ॲम्पियरची एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तार.

कामासाठी राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत कंत्राटदार नेमावा आणि त्याच्याकडून तीन आकडे लेखी मागावेत : तारेचा इन्सुलेशन रोध, अर्थचा रोध आणि आरसीसीबी किती मिलिॲम्पियरला व किती वेळात पडली. ते कागदावर लिहून, तारीख घालून वितरण पेटीच्या दाराला आतून चिकटवायला सांगावे आणि त्याचा फोटो मागवावा. आईबाबांनी दर महिन्याच्या एक तारखेला, गाडी चार्ज होत नसताना, आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबून ती पडते का ते पाहावे. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाला, की प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागले तर ठीक, हात ठेववत नसेल तर एमसीबी बंद करून वायरमनला बोलवावे. आणि कंत्राटदाराचे शेवटचे पैसे दहा दिवस राखून ठेवावेत, कारण तांब्याची मऊ तार पहिल्या काही रात्री तापून-निवून थोडी बसते आणि टर्मिनलचे स्क्रू पुन्हा एकदा आवळण्यासाठी त्याला परत यायचे असते.